बॅच नंबर दोन

नाव :

गयाबाईंच्या काजळाला नाव नव्हतं, आणि त्याला नावं ठेवायची सोय त्यांनी कुणाला ठेवली नव्हती. तेलीबागेच्या गल्लीत सगळे त्याला 'आंटी वाला काजल' म्हणत. भंडाऱ्याहून लग्न होऊन त्या लखनौला आल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. नवरा देवानंद रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्या थंडीत त्यांनी पहिल्यांदा काजळ पाडलं आणि त्यानंतर एकही थंडी चुकवली नाही. चौतीस थंड्या. विकलं कधीच नाही, वाटलं. बाळंतिणीला एक डबी, नव्या सुनेला एक, दिवसभर सुईवर डोळे फोडणाऱ्या चिकनकारीच्या बायकांना एकेक.

"नजर लागते म्हणून नाही लावायचं," त्या प्रत्येकीला बजावत. "नजरबिजर आम्ही मानत नाही. नजर साफ राहावी म्हणून लावायचं."

आणि बाई आरशात बघून हसली की गयाबाईंची मान अशी काही ताठ होई, की देवानंद म्हणत, "झाला हिचा सत्कार."

घटक :

एरंडेलाचा दिवा, कापसाची वात. दिव्यावर पालथी घातलेली पितळी परात, आणि परातीच्या आतल्या कल्हईवर धरलेली काजळी. गाईचं तूप, शंभर पाण्यांनी धुतलेलं. नव्व्याण्णव चालत नाही. भीमसेनी कापूर, चिमटीत मावेल तेवढा. मग हे सगळं त्याच परातीत, स्टीलच्या वाटीच्या बुडानं, मनगट बधिर होईस्तोवर घोटायचं.

परात आईची. पितळेत तूप कळकतं, म्हणून दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास तिला कल्हई. त्याबाबतीत हयगय नाही.

मुलगी भावना औषधाच्या कंपनीत तपासणी खात्यात होती. फार्मसी शिकलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत यायचं. फक्त भांडताना ती मराठीत उतरायची. तिनं दोन वर्षांपूर्वी मनावर घेतलं होतं.

"मम्मी, लाइसेंस लेंगे. ठीक से बनाएँगे, डिब्बी पर तुम्हारा नाम."

"माझं नाव कशाला?"

"तो किसका? पापा का?"

देवानंद पेपरातून म्हणाले, "माझं नाव टाकलं तं कोणी डोळ्यात नाही घालणार."

मागच्या खोलीला टाइल्स बसल्या, खिडकीला जाळी, हात धुवायला वेगळं सिंक. दारावर भावनानं एक कागद चिकटवला : सौंदर्यप्रसाधनांत बंदी असलेल्या वस्तू. पारा, शिशाचे रंग, आर्सेनिक, आणि खाली अशी नावं की वाचताना जीभ अडखळावी. गयाबाईंनी त्या कागदावरून बोट फिरवलं, निकालाच्या दिवशी पोरं फिरवतात तसं.

"हे नाही टाकत. हे नाही. हे तं माझ्या बापानं नाही पाहिलं. हे नाही." बोट तळाला पोचलं तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "पास!"

मर्यादा :

फेब्रुवारीत, परवान्यासाठी तपासायला पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट आला. भावना तो हातात घेऊन ओट्याशी उभी राहिली आणि मराठीत बोलायला लागली, तेव्हाच गयाबाईंनी गॅस बंद केला.

"आई, यात शिसं आहे."

"कशात?"

"आपल्या काजळात. दहा लाख भागांत वीसच्या वर चालत नाही. आपलं एकशे अठरा आहे."

"दुसऱ्या कोणाचा कागद आला असंल."

"आपलाच आहे. मी दोनदा फोन करून विचारलं."

गयाबाईंनी रिपोर्ट घेतला. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण आकडा येत होता. चौतीस वर्षांत त्यांच्या काजळाला मिळालेला तो पहिला आकडा होता.

"मी टाकत नाही तं आलं कुठून?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. हात मात्र पदराला पुसत होत्या. हात कोरडाच होता, तरी.

भावनाच्या पर्समध्ये मागच्या वर्षीची अर्धी डबी होती. ती तिनं तपासायला पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं : तीन. वीसच्या कितीतरी खाली. म्हणजे एरंडेल निर्दोष, तूप निर्दोष, कापूर त्याच दुकानातला. रात्री जेवताना तिघं एकेक वस्तू ताटात वाढल्यासारखी समोर घेत होती आणि बाजूला सारत होती. यंदा नवीन काय? टाइल्स? टाइल्सवर कुणी काजळ घोटत नाही. सिंक? वात?

"परात तर वही है ना?" भावनानं विचारलं.

"तीच. कल्हई तेवढी नवी. या वर्षी तर बाजारच्या कथलाची पण नाही, तुझ्या बाबांच्या–"

देवानंद घास हातात धरून बसले होते. तो त्यांनी परत ताटात ठेवला.

तयार करण्याची पद्धत :

ऑगस्टअखेर देवानंद निवृत्त झाले. त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार इंद्रजित आधीच निवृत्त होऊन घरामागं लहानशी ओतशाळा चालवत होता. त्यानं भंगार बाजारातून बेअरिंगचा पांढरा धातू घेतला, विटेएवढी लगड ओतली, त्यावर देवानंदांचा हजेरीचा टिकट नंबर ठोकला आणि निरोपाच्या चहाला चार माणसांसमोर त्यांच्या हातात दिली. "इंजन का माल है, भाई. कथील समझो."

ती लगड दोन महिने शोकेसमध्ये होती. दसऱ्याला गयाबाई परात घेऊन निघाल्या तेव्हा देवानंद म्हणाले, "बाजारात सगळं भेसळीचं कथील देऊन राहिले. हे घे ना." आणि लगडीचा कोपरा त्यांनी स्वतःच्या हातानं करवतीनं कापून दिला. नवऱ्यानं आपली निशाणी कापून आपल्या परातीला दिली, हे गयाबाईंनी अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं. सांगायचं नाही तर काय.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्कूटरवरून आलमबागला गेले. मेट्रोच्या पुलाखाली, बस अड्ड्याच्या अलीकडे, मुन्ने मियाँचं कल्हईचं दुकान : एक भाता, एक भट्टी, नवसागराचा धूर. उरलेल्या धातूची सळई मियाँनी कागदात गुंडाळून जपून ठेवली होती. दुसऱ्याची अमानत.

देवानंदांनी आधी मियाँची स्वतःची कथलाची सळई मागितली. गयाबाईंच्या कानाजवळ धरली आणि वाकवली. सळईच्या आतून करकर असा बारीक आवाज आला.

"ऐकलं? असली कथील वाकवलं की रडतं. अप्रेंटिसच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आम्हाला."

मग आपली सळई. ती मेणासारखी वाकली. काही बोलली नाही. देवानंदांनी तिचं टोक वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओढलं. मागे करडी रेघ उमटली, शिसपेन्सिलीची उमटते तशीच.

पांढरा धातू दोन जातींचा असतो. एकात कथील जास्त, एकात शिसं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. इंद्रजितनंही डोळ्यांनीच पाहिलं असणार.

"साहब, हमने अर्ज़ तो किया था कि माल ज़रा नरम है," मियाँ म्हणाले.

"नरम बोला था. खराब है, ये नहीं बोला."

मियाँनी कानाची पाळी धरली. "यारों की दी हुई निशानी थी. आपके मुँह पर उसे खराब कहते? हमसे न होता."

लखनौच्या अदबीनं असा घात केला होता. देवानंद त्या रेघेकडे बघत राहिले. "पस्तीस वर्षं," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं मी दुसऱ्याचा माल वाकवून, घासून, ठोकून घेतला. आणि माझ्या घरात आलेला..."

"भेट होती ती," गयाबाई म्हणाल्या. "भेटीला कसोटी लावतात का कोणी?"

येताना स्कूटरवर त्यांनी नवऱ्याचा खांदा जरा घट्ट धरला होता. त्या नवऱ्याला धीर देत होत्या की स्वतःला सावरत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कारण देवानंद सळईबद्दल विचार करत होते आणि गयाबाई डब्यांबद्दल. यंदाच्या डब्या चौसष्ट होत्या.

वितरण :

"मम्मी, मत करो ये सब," भावना म्हणाली. "अभी सैंपल फेल हुआ है, बस. दूसरी परात, दूसरा सैंपल, हो गया. घर-घर जाकर बताओगी तो बात फैलेगी. इंस्पेक्शन सर पर है."

"चौसष्ट जणींच्या डोळ्यात आहे ते."

"कानून बेचे हुए माल पर है. तुमने बेचा ही कहाँ? बाँटा है."

गयाबाई डाळ निवडत होत्या. सूप त्यांनी खाली ठेवलं.

"विकत घेतलेल्या काजळाचा डोळा वेगळा असतो का गं? फुकटच्या काजळाचा वेगळा?"

भावना सुपातले खडे उगाच वेचायला लागली.

"रविवारी विहारात पंचशील म्हणते मी. मुसावादा, खोटं बोलणार नाही, हे म्हणताना माझा आवाज सगळ्यात मोठा असतो, विचार तुझ्या बाबांना. या रविवारी काय ओठ हलवू नुसते?"

देवानंद आतून आले. हातात कारखान्याच्या पद्धतीनं आखलेली वही होती : नाव, पत्ता, डबी दिल्याची तारीख, डबी परत, शेरा. रेघा अशा सरळ की पट्टीनंही लाजावं.

"स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवलं आहे," ते म्हणाले.

परत :

दिलेली भेट परत मागायला जाण्याइतकं अवघड काम दुसरं नसेल. पहिल्या घरी गयाबाई हवापाण्याचंच बोलत बसल्या. चहा येऊन निवला. शेवटी देवानंद म्हणाले, "बहनजी, गलती मेरी है," आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या घरी ते पुन्हा "गलती मेरी" म्हणायला लागले तेव्हा गयाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"काजल मेरा है," त्या म्हणाल्या. "मैं बोलूँगी."

आणि मग त्या बोलतच गेल्या. कुठे लागलं, कसं लागलं, किती आहे, डबी द्या, डोळे धुवा, लहान मूल असेल तर डॉक्टरला दाखवा, रक्त तपासा. मागून देवानंद वहीत खूण करत. चौथ्या दिवसापर्यंत गयाबाईंच्या हिंदीला अशी धार आली, की भावनाच्या कंपनीनं त्यांना नोकरी द्यावी.

एकीनं टोमणा मारला, "चीज़ देकर वापस लेती हो, आंटी? अगले जनम में क्या बनोगी?"

"इसी जनम का हिसाब निपटा रही हूँ, बेटा. डिब्बी लाओ."

एकीची डबी गोरखपूरच्या गाडीत हरवली होती. दोघींची संपली होती. त्यांच्या नावापुढे देवानंदांनी 'संपली, रक्त तपासायला सांगितलं' असं लिहिलं आणि आठवड्यानं स्वतः जाऊन विचारूनही आले. एकीनं डबी दिलीच नाही, दोघं हात हलवत परतले, आणि संध्याकाळी ती स्वतःच डबी घेऊन त्यांच्या दारात आली. चिकनकारी करणाऱ्या नफीसा आपांनी तर डबी रुमालात बांधून दिली आणि म्हणाल्या, "आप कहें तो आँखें भी लौटा दें. मगर अगली बार का काजल सबसे पहले हमें."

"अगली बार?" गयाबाईंनी विचारलं. हे शब्द त्यांना आठवडाभरात कुणी म्हटले नव्हते.

"क्यों, बनाओगी नहीं? जो ऐब खुद बताने आए, उसी का माल तो आँख में डालते हैं."

गयाबाई जिना उतरल्या तेव्हा मान होती तशी ताठ झाली होती. देवानंदांनी पाहिलं. सत्काराचं काही ते बोलले नाहीत.

इशारा :

शेवटची डबी बख्शी का तालाबला होती, वायुसेनेच्या वसाहतीत. मैत्रेयी म्हणून साताऱ्याकडची मुलगी, नवरा सार्जंट, मांडीवर आठ महिन्यांची पोर. तिला डबी थंडीच्या सुरुवातीला दिलेली. हे घर गयाबाईंनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सगळ्यांत लांब म्हणून, असं त्या नवऱ्याला सांगत होत्या.

गव्हाच्या शेतांमधून स्कूटर चालली होती आणि गयाबाई मनात डबी दिल्यापासूनचे दिवस मोजत होत्या. शंभर. रोज दोन डोळे.

मैत्रेयीनं दार उघडलं. "अय्या, काकू! या ना. काका, या."

गयाबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, आधीच्या त्रेसष्ट घरांत सांगितलं तसं. मग पोरीकडे पाहिलं. "पोरीला... रोज लावत होतीस नं?"

मैत्रेयीचा चेहरा लाल झाला. ती आत गेली. बराच वेळ आली नाही. मग डबी घेऊन आली आणि ती गयाबाईंच्या हातावर ठेवून खाली बघत उभी राहिली.

गयाबाईंनी झाकण उघडलं. काजळावर त्यांच्या स्वतःच्या बोटानं केलेली गोल गुळगुळीत खूण तशीच होती. कुणी स्पर्शही केला नव्हता.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाच्या डोळ्यात काहीच घालायचं नाही," मैत्रेयी म्हणाली. "कुणाचंही काजळ असलं तरी. तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलेलं... मला सांगायला जमलंच नाही हो, काकू. तुम्ही आलात की मी हिला दुपट्यात गुंडाळून ठेवायचे."

गयाबाई खाली बसल्या. इतक्या वर्षांत किती बाळंतिणींनी असं दुपटं ओढलं असेल? आणि ज्यांनी ओढलं नाही त्यांचं काय? हायसं वाटलं तेही खरं, लागलं तेही खरं, आणि दोन्हींचं पाणी त्याच डोळ्यांतून आलं. पोर रांगत आली, त्यांच्या पदराचं टोक तोंडात घालून चोखायला लागली. डोळे कोरे, टपोरे, लखलखीत.

"चांगलं केलंस," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मला सांगायचं होतं गं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं नं. वाटू द्यायचं." त्यांनी देवानंदांकडे हात केला. "अवो, वही द्या. मागच्या पानावर लिहा : लहान बाळांना लावू नये. हे डबीवर छापायचं. ठसठशीत."

बॅच :

एप्रिलमध्ये नवा नमुना गेला. जाड काळ्या दगडाचा खल, काजळी धरायला स्टीलची थाळी. रिपोर्टात शिशापुढे आकडाच आला नाही. सापडलं नाही, एवढंच. गयाबाईंनी तो कागद दारावरच्या यादीशेजारी स्वतःच्या हातानं चिकटवला, थोडा वाकडा.

तपासणीला अधिकारी आले. मध्यमवयीन, नम्र, चष्मा सारखा घसरणारा. टाइल्स पाहिल्या, सिंक पाहिलं, खल पाहिला. मग लेबलचा नमुना हातात घेतला.

"सब ठीक है. बस ये समझ में नहीं आया. बैच नंबर दो लिखा है. पहला लाइसेंस, पहला माल, तो बैच एक होना चाहिए."

भावनानं डोळे मिटले. याच आकड्यावरून तिचं आणि आईचं तीन दिवस मराठीत वाजलं होतं.

"बैच एक अंदर है," गयाबाई म्हणाल्या आणि आतून पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. वर देवानंदांच्या अक्षरात : एकसष्ट डब्या, वापरायच्या नाहीत. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, त्यावर वही ठेवली, वहीवर एकशे अठराचा रिपोर्ट ठेवला.

अधिकाऱ्यांनी रिपोर्ट वाचला. वही उघडली. एकेक पान उलटत गेले. नावं, तारखा, खुणा, शेरे. भावना नखं खात होती, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

"ये तो लाइसेंस से पहले का है," ते म्हणाले. "बेचा भी नहीं था. वापस लेने को किसने कहा?"

"कोई नहीं."

"तो फिर?"

"मेरा था," गयाबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी चष्मा वर सारला. वही बंद करताना त्यांची नजर शोकेसकडे गेली. तिथं एक पांढरट धातूची लगड होती, कोपरा कापलेली, आणि तिच्यावर टिकट नंबराच्या खाली तांबड्या रंगात रेल्वेच्या जुन्या डब्यांवर लिहितात तसं लिहिलं होतं : कंडम.

"और ये?"

देवानंद कधीचे वाट बघत असल्यासारखे पुढे आले. "वो मेरा है, सर. बैठिए, बताता हूँ."

सांगायला अर्धा तास लागला. सळई वाकवूनही दाखवली, एक रडणारी, एक न रडणारी. अधिकाऱ्यांनी दोन्ही कानाशी धरून ऐकल्या. निघताना ते भावनाला म्हणाले की डब्याची विल्हेवाट कशी लावायची ते लेखी कळवतील, तोवर पट्टी काढू नका. आणि ही वही अशीच चालू ठेवा.

"और बैच नंबर?" भावनानं विचारलंच.

ते दारात थांबले. "माताजी ने जो लिखा है, वही."

परवाना आला तेव्हा आंब्यांचे दिवस होते. लेबलवर सर्वांत वर भावनाच्या हट्टानं नाव छापलं : गयाबाईंचं काजळ. आईच्या हट्टानं खाली : लहान बाळांना लावू नये. त्याखाली तेलीबागेचा पूर्ण पत्ता, घर नंबरासकट, आणि फोन, कुणाला डबी परत द्यायची असेल तर.

पहिल्या डबीवर गयाबाईंनी शिक्का स्वतः मारला. शाईत बुडवला, फुंकर घातली, अंगठ्यानं नीट दाबला. बॅच : २. मग ती डबी रुमालात बांधली आणि चप्पल घातली.

"किधर?" भावनानं विचारलं.

"नफीसा आपांकडे. रुमाल द्यायचा आहे त्यांचा."